नियम आणि हुकूम

(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवासाठी माजी विद्यार्थी एकत्र जमले की आठवणींना वाट मिळते, आणि शाळेने काय दिले याचा हिशेब मांडताना एक शब्द हमखास ओठांवर येतो: शिस्त. प्रार्थनेच्या रांगा, घंटेबरोबर शांत होणारे वर्ग, गृहपाठाच्या वह्या, उशिरा येणाऱ्याला फाटकाशी करावी लागणारी प्रतीक्षा, या साऱ्यांची आठवण अनेक वर्षांनंतरही कृतज्ञतेनेच काढली जाते. ही कृतज्ञता रास्त आहे. परंतु शिस्त हा शब्द जितका शाळेचा आहे तितकाच तो राज्यकर्त्यांच्याही आवडीचा आहे, आणि दोघांच्या तोंडी त्याचा अर्थ एकच असतो असे नाही. स्वतंत्र भारताच्या इतिहासात एकवीस महिने असे येऊन गेले की, ज्या काळात देशभर शिस्तीचे गोडवे गायले जात होते आणि त्याच काळात नागरिकाच्या हातून त्याचे स्वातंत्र्य निसटले होते. हे एकवीस महिने कोणा परकीय आक्रमकाने आणले नव्हते. प्रचंड बहुमताने निवडून आलेल्या आणि गोरगरिबांचा विश्वास संपादन केलेल्या सरकारने ते आणले होते. लोकशाही लोकांच्याच नावाने कशी लोप पावते, हा या व्याख्यानाचा विषय आहे. आणि त्याचा आरंभ दिल्लीतील मुनिरका परिसरात घडलेल्या एका घटनेपासून करणे उचित होईल.

दिल्लीकर मराठी माणसाला मुनिरका कोठे आहे हे सांगावे लागत नाही. मूळचे हे जाट शेतकऱ्यांचे गाव. स्वातंत्र्यानंतर राजधानी दक्षिणेकडे पसरू लागली, तशा गावाच्या शेतजमिनी सरकारने संपादित केल्या. एकीकडे रामकृष्णपुरमची सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत उभी राहिली आणि दुसरीकडे १९६९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आकाराला आले. आणीबाणी जाहीर होऊन बरोबर तीन महिने झाले होते, त्या २५ सप्टेंबर १९७५ च्या सकाळी या विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांचा वर्गबहिष्कार चालू होता. इतक्यात एक काळी ॲम्बॅसडर मोटार येऊन थांबली. साध्या वेशातील पोलिसांनी तेथे उभ्या असलेल्या एका तरुणाला त्याचे नाव विचारले, आणि इतर विद्यार्थ्यांच्या देखत त्याला ओढून मोटारीत कोंबले. पोलिसांना हवे होते ते विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष देवीप्रसाद त्रिपाठी. त्यांनी उचलून नेले ते प्रबीर पुरकायस्थ या दुसऱ्याच विद्यार्थ्याला.

चूक कोणाच्याही हातून होते. पोलिसांच्याही होते. या घटनेचे खरे महत्त्व चुकीत नाही. चूक ध्यानात आल्यानंतर जे घडले त्यात आहे. नियमाचे राज्य असते तर त्या तरुणाला सायंकाळपर्यंत दिलगिरी व्यक्त करून सोडून दिले गेले असते. तसे झाले नाही. धरून आणलेला माणूस सोडला तर पोलीस चुकले असे कबूल करावे लागेल, म्हणून त्यालाच ‘मिसा’ कायद्याखाली स्थानबद्ध करण्याचे ठरले. ‘मिसा’ म्हणजे अंतर्गत सुरक्षितता राखण्यासाठी १९७१ साली केलेला कायदा. त्याखाली स्थानबद्धतेचा आदेश काढण्याचा अधिकार जिल्हा प्रशासनाचा होता. या माणसापासून खरोखर धोका आहे काय, हे त्या अधिकाऱ्याने स्वतःच्या बुद्धीने ठरवावे अशी कायद्याची अपेक्षा होती. पोलिसांच्या दडपणाखाली अधिकाऱ्याने आदेशावर सही केली. अटक आधी झाली, कागद मागाहून तयार झाला. त्या एका सहीमुळे पुरकायस्थ सुमारे एक वर्ष तुरुंगात राहिले. पुढे आणीबाणीतील गैरकृत्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शाह आयोगाने या प्रकरणाची नोंद घेतली. ज्यांच्याऐवजी हे सारे घडले ते त्रिपाठीही नंतर पकडले गेले. आणि कालांतराने तेच महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून आले.

हुकूम आधी आणि नियम मागाहून, हा क्रम मुनिरका परिसरातील त्या सकाळी नव्याने सुरू झाला नव्हता. तीन महिन्यांपूर्वी रायसीना टेकडीवर हेच घडले होते. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, ती केवळ पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून. त्याच रात्री दिल्लीच्या बहादूरशहा जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांचा वीजपुरवठा तोडण्यात आला आणि पहाट होण्यापूर्वी विरोधी नेत्यांची धरपकड झाली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती २६ जूनच्या सकाळी सहा वाजता, सर्व उरकल्यानंतर. देशाचे मंत्री जमले होते ते निर्णय घेण्यासाठी नव्हे, घेतलेला निर्णय ऐकण्यासाठी. त्या मंत्रिमंडळात यशवंतराव चव्हाणांसारखे स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, व्यासंगी आणि अनुभवी नेते होते. मंत्रिमंडळाने संमती दिली. राष्ट्रपतिभवनापासून जिल्हा कचेरीपर्यंत एकच रीत रूढ झाली.

ही रीत एका रात्रीत रूढ झाली काय? तसे मानणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. तिच्यामागे सहा वर्षांचा प्रवास होता, आणि तो प्रवास लोकप्रियतेच्या रस्त्याने झाला होता.

१९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी काँग्रेस पक्ष फुटला. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी गरिबी हटविण्याचे वचन दिले आणि ३५२ जागा जिंकल्या. पाठोपाठ संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि वर्षअखेरीस बांगलादेशाच्या युद्धातील विजयाने त्यांची लोकप्रियता शिखराला पोहोचली. या कार्यक्रमात काही खोटे होते असे म्हणता येणार नाही. गरिबी खरी होती, सावकारी पाश खरे होते, संस्थानिकांचे विशेषाधिकार कालबाह्य झाले होते. गरिबांची बाजू घेणे हा लोकशाहीत दोष नसून कर्तव्य आहे.

दोष शिरतो तो याच्या पुढच्या पायरीवर. मराठीत लोकानुनय हा शब्द बहुधा मतांसाठी वाटल्या जाणाऱ्या सवलतींना उद्देशून वापरला जातो. पण सवलती हे त्याचे वरवरचे रूप होय. त्याचे मूळ रूप असे, की एक नेता आणि जनता यांच्यामध्ये दुसरे कोणीच नको. नेता म्हणतो, जनतेच्या मनात काय आहे ते मलाच कळते. मग न्यायालयाने एखादा निर्णय अडवला तर न्यायालय जनतेच्या आड येते. वृत्तपत्राने दोष दाखवला तर वृत्तपत्र जनतेचे शत्रू ठरते. स्वपक्षातील सहकाऱ्याने शंका काढली तर तो प्रतिगामी किंवा फितूर होतो. विरोधकांना मिळालेली मते जणू जनतेची नव्हेतच. १९७१ चा तो महाविजय सुमारे ४४ टक्के मतांवर मिळाला होता. म्हणजे अर्ध्याहून अधिक मतदारांनी अन्य कोणाला मत दिले होते. त्यांचे मत ऐकण्यासाठीच तर संसद, न्यायालय, वृत्तपत्र आणि विद्यापीठ असते. या संस्था जनता आणि नेता यांच्यामधील भिंती नव्हेत. बहुमतात नसलेल्या माणसालाही दाद मागता यावी म्हणून ठेवलेली ती दारे आहेत.

एप्रिल १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात राज्यघटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येणार नाही असा निर्णय दिला. लगेच शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्यायमूर्ती ए. एन. राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. न्यायसंस्था सामाजिक ध्येयांशी बांधील असावी, असे समर्थन तेव्हा दिले गेले. ऐकायला ते वावगे नव्हते. न्यायालय गरिबांच्या बाजूचे असावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु न्यायाधीशाने कोणत्या बाजूचे असावे हे सरकार ठरवू लागले, की तो गरिबाच्या बाजूचा राहत नाही. तो सरकारच्या बाजूचा होतो.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली. नियम पंतप्रधानांनाही लागू आहे, एवढेच त्या निकालाचे सार होते. त्याला मिळालेले उत्तर हे तेरा दिवसांनी जाहीर झालेल्या आणीबाणीत आणि त्यानंतरच्या घटनादुरुस्त्यांत दिसते. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९ वी घटनादुरुस्ती ७ ऑगस्टला लोकसभेत संमत झाली. राज्यसभा आणि राज्यांच्या विधानसभा यांचे सोपस्कार उरकून १० ऑगस्टला तिच्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात त्याच प्रकरणाची सुनावणी होती. घटनेत एका व्यक्तीसाठी एवढा मोठा बदल होण्यास चार दिवस पुरले. प्रत्येक पायरीवर मतदान झाले, प्रत्येक कागदावर सही होती, प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक होता. नियमाचा पोशाख शाबूत होता. आतले शरीर मात्र हुकमाचे होते.

या सगळ्यात विरोधकांचे सर्व काही बरोबर होते असे नव्हे. १९७४ साली रेल्वेचा मोठा संप झाला होता, गुजरातची विधानसभा आंदोलनाच्या रेट्याने विसर्जित झाली होती, आणि पोलीस व सैन्य यांनी बेकायदा आदेश पाळू नयेत या जयप्रकाश नारायण यांच्या आवाहनाबद्दल विचारी माणसांतही मतभेद होते. महागाईने आणि बंदांनी कंटाळलेल्या मध्यमवर्गाने आणीबाणीचे आरंभी स्वागतच केले. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत कारकून जागेवर सापडतो, रस्त्यावर मोर्चे नाहीत, या गोष्टींचे समाधान घरोघरी बोलून दाखवले जात होते. पवनारच्या आश्रमात वर्षभराच्या मौनात असलेल्या विनोबांनी लिहिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारने गावोगावच्या भिंतींवर रंगवले. मौन संपल्यावर विनोबांनी स्पष्टीकरण केले की, अनुशासन हे आचार्यांचे असते आणि राज्यकर्त्यांचे असते ते शासन. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी पवनारला आचार्यांचे संमेलनही बोलावले. पण तोपर्यंत भिंतींवरचा रंग वाळला होता. शाळेच्या सभागृहात बसलेल्यांनी विनोबांचा तो भेद विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. आचार्य आधी स्वतः आचरतो आणि मग शिकवतो. त्याचे अनुशासन त्याच्यापासूनच सुरू होते. शासन दुसऱ्यापासून सुरू होते.

त्या शासनाची किंमत कोणी मोजली? शाह आयोगाच्या नोंदीप्रमाणे आणीबाणीत १,१०,००० हून अधिक माणसे ‘मिसा’ आणि भारत संरक्षण नियमांखाली अटकेत पडली. दिल्लीत दीड लाखांहून अधिक बांधकामे पाडली गेली. एप्रिल १९७६ मध्ये तुर्कमान गेट येथे घरे वाचवू पाहणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि ठिकठिकाणी त्यांची ‘प्रकरणे’ आणून देण्याचे काम शाळेतील शिक्षकांवर सोपवले गेले. ठरलेला आकडा पुरा झाला नाही तर पगार अडण्याची टांगती तलवार होती. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, एवढेच. ज्या गरिबांच्या नावाने हा प्रवास सुरू झाला होता, त्यांचीच घरे पडली आणि त्यांच्याच शरीरावर आकडे पुरे झाले. दाद मागण्याची दारे बंद झाली, की सर्वांत आधी चेंगरतो तो गरीबच. कारण त्याला दुसरा दरवाजा नसतो.

न्यायालयाचे दार उघडे राहावे म्हणून काहींनी किंमत मोजली. स्थानबद्ध पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या प्रकरणात नागरिकाच्या बाजूने निकाल देणाऱ्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींपैकी एकाची बदली गुवाहाटीला झाली आणि दुसऱ्यांना पुन्हा सत्र न्यायाधीशाच्या आसनावर बसावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकाच्या खटल्यात, सेन्सॉरलाही मर्यादा आहेत असे बजावले. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागता येते असे मत दिले होते. अखेर तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारी पक्षाला विचारले की, एखाद्या अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर आणीबाणीत त्याविरुद्ध काही उपाय आहे काय? ॲटर्नी जनरल नीरेन डे यांचे उत्तर असे होते की, आणीबाणी असेपर्यंत नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू मान्य केली. त्या चौघांत पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड हे विद्वान आणि सचोटीचे म्हणून ओळखले जाणारे न्यायाधीशही होते. एकटे खन्ना विरोधात राहिले. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठतेनुसार त्यांना मिळणारे सरन्यायाधीशपद दुसऱ्याला देण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला. पुढे २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवला. खंडपीठातील मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे पुत्र होत. वडिलांचा निकाल मुलाने पुसावा, यात कौटुंबिक नाट्य शोधण्याचे कारण नाही. चूक दुरुस्त करण्याचा मार्ग नियमात शिल्लक असला, की एकेचाळीस वर्षांनी का होईना, ती दुरुस्त होते.

मराठी समाजाच्या दृष्टीने त्या काळातील दोन आचरणे स्मरणात ठेवण्याजोगी आहेत. डिसेंबर १९७५ मध्ये कराड येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण नुकतेच कैदेतून सुटून गंभीर आजारी होते. दुर्गाबाईंनी त्याच व्यासपीठावरून त्यांच्या प्रकृतिस्वास्थ्यासाठी सर्वांना प्रार्थना करण्यास सांगितले. त्यांनी घोषणा दिली नाही की कोणाचा अवमान केला नाही. परंतु ज्या माणसाचे नाव काढायचे नव्हते ते नाव त्यांनी काढले. पुढील वर्षी त्यांना मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून अटक झाली. ग्रंथालयात वाचत बसलेल्या पासष्टीच्या विदुषीपासून राज्याला कोणता धोका होता, याचे उत्तर कोणी दिले नाही, कारण ते मागण्याची सोय उरली नव्हती.

दुसरे आचरण मधु लिमये यांचे. मार्च १९७१ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. सरकारने ती वाढवून घेतली. बिहारमधील बांका मतदारसंघाचे प्रतिनिधी असलेले पुण्याचे लिमये तेव्हा तुरुंगात होते. मतदारांनी पाच वर्षांसाठी निवडले आहे, सहाव्या वर्षाचा अधिकार त्यांनी दिलेला नाही, या भूमिकेतून त्यांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा दिला. शरद यादव यांनीही तेच केले. वाढीव मुदतीचा लाभ विरोधी खासदारांनाही मिळत होता, हे येथे ध्यानात घ्यावे. नियम दुसऱ्याला लावणे सोपे असते. स्वतःच्या लाभाविरुद्ध स्वतःला लावणे, ही खरी शिस्त.

जगाच्या इतिहासात हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. फ्रान्समध्ये १८४८ साली लुई नेपोलियन जनतेच्या मतांनी प्रचंड बहुमताने अध्यक्ष झाला. मुदत संपत आली तेव्हा डिसेंबर १८५१ मध्ये त्याने विधानसभा मोडून काढली, जनमत घेऊन ते पावन करून घेतले, आणि वर्षभरात तो सम्राट बनला. पेरूमध्ये १९९० साली निवडून आलेल्या आल्बेर्तो फुजिमोरी यांनी १९९२ मध्ये रणगाडे रस्त्यावर आणून संसद बरखास्त केली, तेव्हा रस्त्यावरच्या सामान्य माणसाने त्यांचे समर्थनच केले होते. हंगेरीत २०१० साली व्हिक्टर ऑर्बान यांच्या आघाडीला सुमारे ५३ टक्के मतांवर दोन-तृतीयांश जागा मिळाल्या. त्या बळावर नवी राज्यघटना आणि नवे निवडणूक कायदे झाले, आणि पुढच्या निवडणुकीत सुमारे ४५ टक्के मतांनाही दोन-तृतीयांश जागा मिळू लागल्या. येथे रणगाडाही लागला नाही. एकाचा पक्ष डावा, दुसऱ्याचा उजवा, तिसऱ्याचा ना डावा ना उजवा. म्हणून हा धोका अमुक एका पक्षाचा किंवा विचाराचा आहे असे समजून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. ज्याला मनापासून मत दिले, त्याच्याकडे पाहताना ही दक्षता सर्वांत कठीण जाते आणि तेथेच तिची गरज सर्वांत अधिक असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नेमका हाच इशारा दिला होता. धर्माच्या क्षेत्रात भक्ती मुक्तीकडे नेत असेल. राजकारणात मात्र विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सव्वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच देशाला त्याचा प्रत्यय आला.

१९७७ च्या जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या. मार्चमध्ये मतदान झाले आणि काँग्रेसच्या जागा १५४ वर आल्या. दिल्लीतील सातही जागा त्या पक्षाने गमावल्या. २१ मार्चला आणीबाणी उठली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुनिरकाशेजारच्या त्या विद्यापीठातील विद्यार्थी मोर्चाने इंदिरा गांधींच्या निवासस्थानी गेले. पंतप्रधानपद गेले तरी त्या विद्यापीठाच्या कुलपती होत्या. विद्यार्थ्यांचे नेते सीताराम येचुरी यांनी त्यांच्यासमोर उभे राहून राजीनाम्याची मागणी करणारे निवेदन वाचून दाखवले, त्यांनी ते ऐकून घेतले, आणि पुढे कुलपतिपद सोडले. दोन वर्षांपूर्वी ज्या आवारातून विद्यार्थी उचलून नेला जात होता, तेथलेच विद्यार्थी आता कागद हातात घेऊन मोठ्याने वाचू शकत होते. १९८० साली मतदारांनी इंदिरा गांधींना पुन्हा निवडून दिले, तोही मतदारांचाच अधिकार. मात्र दरम्यान एक महत्त्वाचे काम झाले होते. ४४ व्या घटनादुरुस्तीने असे बंधन घातले की, आणीबाणीचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला असून तो लेखी कळवण्यात आला आहे, याखेरीज राष्ट्रपतींनी घोषणा करू नये. ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण काढून ‘सशस्त्र बंड’ हे कारण घातले गेले, आणि जीविताच्या अधिकारासाठी न्यायालयात जाण्याची वाट यापुढे कोणत्याही आणीबाणीत बंद होणार नाही असे ठरले.

‘लेखी’ हा त्यातला साधा शब्द लाख मोलाचा आहे. या कथेचा अगदी अलीकडचा भागही त्याच शब्दापाशी येऊन थांबतो. मुनिरकाजवळून चुकून उचलले गेलेले प्रबीर पुरकायस्थ पुढे पत्रकारितेत गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना पुन्हा, एका वेगळ्या प्रकरणात आणि वेगळ्या कायद्याखाली अटक झाली. त्या प्रकरणातील आरोपांचा निर्णय न्यायालयातच व्हावयाचा आहे. परंतु १५ मे २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने ती अटक अवैध ठरवली, कारण अटकेची कारणे त्यांना लेखी दिली गेली नव्हती. १९७६ साली कारण विचारण्याचाच अधिकार नाही असे सांगणारे न्यायालय, २०२४ साली कारण लेखी दिलेच पाहिजे असे सांगते. दोन निकालांमधील हे अंतर अनेक माणसांनी, बरीचशी किंमत देऊन, पार केले आहे. ते उलट दिशेनेही पार करता येते, याचा विसर पडू नये.

मग नागरिकाने काय करावे? प्रत्येकाला दुर्गाबाईंचे धैर्य असेल असे नाही, आणि प्रत्येकावर तशी वेळही येत नाही. पण मुनिरका परिसरातील त्या प्रकरणात सर्वांत निर्णायक माणूस कोण होता याचा विचार करावा. तो पंतप्रधान नव्हता, मोटारीतला पोलीसही नव्हता. टेबलामागे बसलेला, चांगला शिकलेला, कोणाचे वाईट न चिंतणारा अधिकारी होता. त्याच्यापुढे कागद आला आणि त्याने सही केली. त्याची शाळाही चांगलीच असणार. अशी टेबले प्रत्येकाच्या वाट्याला येतात. या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कचेऱ्यांत, बँकांत, रुग्णालयांत, न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत आहेत; गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर आहेत, पतपेढीच्या संचालक मंडळावर आहेत. तेथेही हुकूम आधी येतो आणि नियम मागाहून जुळवला जातो. तेथेही ‘सगळ्यांची इच्छा आहे’ असे सांगून सभेपूर्वीच ठराव लिहिला जातो. तेथे तीन प्रश्न विचारण्याची सवय असावी. हा निर्णय कोणत्या नियमाखाली आहे? तो लेखी आहे काय? आणि चुकला तर दाद कोठे मागायची? या प्रश्नांना शांतपणे उत्तर मिळते तेथे लोकशाही सुस्थितीत आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या निष्ठेबद्दलच शंका घेतली जाते तेथे घसरण सुरू झाली आहे, मग नेता कितीही लोकप्रिय असो आणि त्याचा हेतू कितीही उदात्त असो.

ही सवय लागते ती लहानपणी. नागरिकशास्त्राच्या वीस गुणांच्या पुस्तकाने ती फारशी लागत नाही. ती लागते वर्गातल्या रोजच्या व्यवहाराने. चाचणीचे पेपर वाटले गेले आहेत, गुणांची बेरीज चुकली आहे, आणि तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा घाबरत घाबरत उठून तसे सांगतो. त्या क्षणी गुरुजींपुढे दोन वाटा असतात. ‘खाली बस’ असे म्हटले तर वर्ग तत्काळ शांत होईल, आणि पाहणाऱ्याला शिस्तही उत्तम दिसेल. गुरुजी पेपर मागवून घेतात, पुन्हा बेरीज करतात, चुकलेला आकडा खोडून योग्य आकडा लिहितात आणि शेजारी सही करतात. त्या सहीत आणि १९७५ च्या त्या सहीत लोकशाहीचे सारे अंतर सामावलेले आहे. साठ वर्षांत या शाळेतल्या किती पेपरांवर अशी सही झाली असेल, याची नोंद कोठे नाही. परंतु हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या शिस्तीचे स्मरण करताना, आजच्या पालकांनी आपल्या मुलांसाठी मागावी अशी शिस्त तीच आहे.